सागवान तरले, तानपुरा उकलला: अंबडच्या गोदामातील दहा महिने

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, जुन्या नाशकातील आमचा वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा करावा लागला. इंदिरानगरमधील भाड्याच्या घरात माणसे मावली, परंतु तीन पिढ्यांचे लाकडी सामान आणि वाद्ये मावणे शक्य नव्हते. म्हणून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका खासगी गोदामात दहा फूट बाय बारा फुटांचा जाळीबंद कप्पा दरमहा ५,२०० रुपये भाड्याने घेतला आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत सगळे सामान तेथे ठेवले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. गोदामाचे नाव मी देत नाही, कारण अंबड आणि सातपूर या दोन्ही वसाहतींत याच घडणीची गोदामे आहेत आणि माझे म्हणणे एका मालकापेक्षा त्या घडणीविषयी अधिक आहे. ते म्हणणे असे की सागवानी फर्निचर अशा ठिकाणी निर्धास्तपणे ठेवावे, परंतु भोपळ्याचे, कातड्याचे किंवा सरसाने जोडलेले वाद्य तेथे एक पावसाळासुद्धा ठेवू नये.

आमच्या सामानात दोन सागवानी पलंग, आरशाचे कपाट, पितळी कड्यांचा झोपाळा, शिसवी टेबल, आजोबांची आरामखुर्ची आणि आंब्याच्या लाकडाची दोन खोकी होती. वाद्यांमध्ये आत्याची मिरजेची तानपुऱ्यांची जोडी, एक सतार, एक दिलरुबा, हार्मोनियम, तबला आणि डग्गा अशी सात नगांची नोंद होती. आत्याने त्या जोडीवर चाळीस वर्षे मुली शिकवल्या. वाडा पडणार याचे दुःख तिने फारसे बोलून दाखवले नाही, पण तानपुरे कुठे राहणार हे तिने तीनदा विचारले होते. त्यामुळे पुढे जे झाले त्याचा हिशेब मला नीट मांडावासा वाटतो.

आधी गोदामाच्या चांगल्या बाजू सांगते, कारण त्या खऱ्या आहेत. जोते रस्त्यापासून अडीच फूट उंच आहे आणि जागा नदीपासून बरीच दूर आहे. ज्यांचे सामान सराफ बाजार किंवा भद्रकाली परिसरातील तळमजल्यावर राहिले आहे, त्यांना या गोष्टीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. २००८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी गोदावरीचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला बुडवून बाजारपेठेत शिरले, तेव्हा पाण्यात फुगलेले पलंग आणि कपाटे रस्त्यावर आलेली आम्ही पाहिली आहेत. सामान स्वीकारताना येथील कर्मचाऱ्यांनी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढले, आधीपासून असलेले ओरखडे यादीत लिहिले आणि त्या यादीवर माझी सही घेतली. सगळे सामान जमिनीपासून पाच इंच उंचीच्या लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून मांडले. दर तीन महिन्यांनी वाळवी आणि उंदीर यांचा बंदोबस्त केला जातो, आणि तो केवळ कागदावर केला जात नाही. मी दोनदा प्रत्यक्ष पाहिला. दहा महिन्यांत एकही वस्तू हरवली नाही आणि कशालाही उंदीर लागला नाही.

आता इमारत. भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या आहेत, जमीन काँक्रीटची आहे आणि छत उघड्या लोखंडी पत्र्याचे आहे. पत्र्याखाली उष्णतारोधक अस्तर नाही. आत वातानुकूलन नाही, हिवाळ्यात ऊब देण्याची सोयही नाही, आणि करार करताना व्यवस्थापकांनी ते स्पष्टपणे सांगितले होते. मला त्याची फार चिंता वाटली नाही, कारण वाड्यातही यांपैकी काहीच नव्हते आणि तरीही तानपुरे पन्नास वर्षे सुखरूप राहिले होते. ही माझी समजण्यातली चूक होती. वाड्याच्या माजघराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, दगड आणि पांढऱ्या मातीच्या होत्या. वर माळवद होते आणि खिडकी एकच होती. मातीची जाड भिंत हवेतील ओलावा सावकाश शोषते आणि सावकाश सोडते, त्यामुळे बाहेर काहीही चालले असले तरी आतील हवा फारशी हलत नाही. पत्र्याच्या छपराखाली मात्र प्रत्येक दुपार आणि प्रत्येक रात्र थेट आत येते. दोन्ही जागा ऊब न दिलेल्याच आहेत, परंतु लाकडाच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सामान लावतानाच मी खालच्या पॅलेटवर एक साधा आर्द्रतामापक ठेवला होता. त्यात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंद टिकून राहते. जानेवारीत मी सकाळी आठ वाजता पाहणीला गेले. निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या ज्या दिवसांत येतात, त्यांपैकी तो एक दिवस होता. कप्प्यात पाऊल ठेवले तेव्हा वाद्ये जागेवर नव्हती. ती पत्र्याखालच्या सर्वांत वरच्या फळीवर, छतापासून दोन-अडीच फुटांवर हलवलेली होती.

मी कारण विचारले, तेव्हा व्यवस्थापक अगदी मनापासून म्हणाले, ‘ताई, नाजूक वस्तू आहेत. खाली ठेवल्या तर हातगाडीचा धक्का लागायचा. वर कुणाचा हात पोहोचत नाही.’

त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण त्याच वेळी पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दाटलेले दिसत होते आणि सतारीच्या पेटीवर घातलेली सुती चादर हाताला ओलसर लागत होती. गोदामांत काम करणारे लोक याला ‘पत्र्याला घाम येणे’ म्हणतात. दुपारी आतील हवा २८ अंशांवर असेल आणि तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, तर ती हवा कोरडीच वाटते. परंतु तीच हवा सुमारे १३ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. निरभ्र रात्री पातळ पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत जातो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणून पाऊस नसतानाही नाशिकच्या थंडीत पत्र्याखाली पाणी टपकते. खालच्या मापकाने तोवर ४१ ते ७९ टक्के अशी नोंद दाखवली होती. वरच्या फळीसाठी मी दुसरा मापक आणून ठेवला आणि वाद्ये खाली घेण्याची लेखी विनंती केली. ‘या आठवड्यात करतो’ असे उत्तर मिळाले.

एप्रिलमध्ये गेले तेव्हा वाद्ये वरच होती. खालच्या मापकावर कमाल तापमान ३७ अंश होते. वरच्या मापकावर ते ४६ अंश होते आणि आर्द्रतेची किमान नोंद १३ टक्के होती. एकाच कप्प्यात आठ फुटांच्या अंतराने नऊ अंशांचा फरक असतो, हे मी स्वतः मोजले नसते तर मला खरे वाटले नसते. त्या दिवशी मी उभी राहून वाद्ये खाली उतरवून घेतली, परंतु तीन महिने वाया गेले होते. पुढे जुलैमध्ये खालच्या फळीवरही आर्द्रता ८४ ते ९१ टक्क्यांच्या दरम्यान राहिली, आणि ते दिवस एक-दोन नव्हते.

लाकडाला उष्णतेपेक्षा आर्द्रतेचा हा झोका अधिक सोसावा लागतो. तापमानामुळे लाकूड फारसे फुगत किंवा आकसत नाही. भोवतालच्या हवेत जेवढा ओलावा असेल तेवढा ते स्वतःत घेते किंवा सोडते, आणि त्यानुसार त्याची रुंदी बदलते. हवेची आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी असते. ८० टक्के आर्द्रतेत ते सुमारे १६ टक्क्यांवर जाते. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, बदल जवळपास शून्य असतो. आडवा बदल मात्र डोळ्यांना दिसण्याइतका होतो, आणि ओंडक्याच्या वर्तुळांना समांतर दिशेत तो वर्तुळांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतो. वर्तुळांना समांतर कापलेली दोन फूट रुंदीची सागवानी फळी या दोन टोकांपर्यंत पूर्णपणे पोहोचली, तर तिच्या रुंदीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडेल. प्रत्यक्षात जाड फळी इतक्या लवकर पूर्ण सुकत किंवा भिजत नाही, आणि फर्निचर वाचते ते याच मंदपणामुळे.

सागवान तर इतर लाकडांच्या तुलनेत कमी हलणारे आहे, आणि त्याच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असल्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आमचे दोन्ही पलंग, कपाट आणि झोपाळा जसे गेले तसे परत मिळाले. जुलैमध्ये कपाटाचे दार चौकटीला घासत होते, पण रंधा मारण्याची घाई केली नाही म्हणून बरे झाले. हवा कोरडी होताच ते आपोआप सुटले. पावसाळ्यात दार तासून घेणाऱ्यांच्या दारांना उन्हाळ्यात फट पडते, हे मी आमच्याच वाड्यात पाहिले आहे.

शिसवी टेबलाच्या फळीला मात्र एप्रिलमध्ये वीतभर लांबीची केसासारखी चीर गेली. त्याचा दोष मी गोदामाला पूर्णपणे देणार नाही. काही वर्षांपूर्वी दुरुस्ती करताना सुताराने त्या फळीखाली आडव्या पट्ट्या स्क्रूने गच्च आवळल्या होत्या. फळीला आकसायचे होते आणि पट्टी तिला आकसू देत नव्हती, म्हणून ती फाटली. जुन्या कारागिरांनी फळी खाचेत नुसती सरकवून ठेवण्याची पद्धत पाळली ती याचसाठी. ज्यांना रुंद फळीचे टेबल कोठेही ठेवायचे असेल, त्यांनी आधी ते उलटे करून खालचे स्क्रू पाहावेत आणि थोडे सैल करावेत.

आरामखुर्चीचे नुकसान मात्र गोदामाच्या पद्धतीमुळेच झाले. मी सुती चादरींचे गठ्ठे सोबत दिले होते आणि प्लॅस्टिक गुंडाळू नका असे सांगितले होते. तरीही नेहमीच्या सवयीने खुर्चीच्या हातांना आणि पाठीला ताणाचे पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट गुंडाळले गेले. त्याच्या आत ओलावा अडकला आणि लाखेच्या पॉलिशवर दुधासारखी पांढरट झाक आली. टेबलाच्या एका पायावर फुगेवाल्या प्लॅस्टिकचे गोल गोल ठसे उन्हाळ्याच्या उष्णतेत कायमचे उमटले. लाखेचे पॉलिश स्पिरिटने पुन्हा उघडता येते, त्यामुळे हे नुकसान भरून निघाले, परंतु पॉलिशवाल्याचे अठराशे रुपये गेले. आंब्याच्या एका खोक्याखाली पिठासारखा बारीक भुसा आढळला. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला आंब्यासारख्या मऊ, पिष्टमय लाकडाची ओढ असते, आणि तो बहुधा आमच्याच घरून सोबत गेला असावा. कर्मचाऱ्यांनी ते खोके त्याच दिवशी वेगळे काढले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

वाद्यांविषयी सांगायचे ते याहून जड आहे. मिरजेच्या तानपुऱ्याचा तुंबा हा वाळवलेला खरा भोपळा असतो, आणि दांडी व तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, सहसा तुणीच्या लाकडाची असते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या कारागिरीविषयी पुष्कळ छापून आले. पण ती किती हळवी घडण आहे हे वाद्य उघडे झाल्यावरच कळते. भोपळ्याची भिंत पातळ असते. बाहेरून तिला पॉलिश असते, आतून मात्र ती उघडी असते, त्यामुळे ती ओलावा चटकन घेते आणि चटकन सोडते. दांडीचे लाकूड तेच काम संथपणे करते. दोन वेगवेगळ्या गतींनी हलणाऱ्या वस्तू जेथे जुळतात तो सांधा सरसाने जोडलेला असतो. सरस हा जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून होतो. फार कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो आणि फार दमट हवेत मऊ पडतो. आमच्या जोडीतील मोठ्या तानपुऱ्याला एप्रिलमध्ये तडा दिसत नव्हता. मात्र जुलैच्या अखेरीस दांडी आणि भोपळा यांच्यामध्ये नखभर फट पडलेली होती, आणि तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखाली तबली किंचित खचली होती. उन्हाळ्याने सांधा सुकवला आणि पावसाळ्याने तो सोडवला, असा त्याचा क्रम लागतो. तारा आधीच एक-दोन स्वर उतरवून ठेवल्या होत्या म्हणून ताण कमी होता. नाहीतर दांडी पूर्ण निखळली असती.

तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, हिरवट बुरशी धरली. कातड्यावर बुरशी वाढायला ७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता सतत राहिली की पुरते, आणि पुडीवरच्या काळ्या शाईत लोहचूर्णाबरोबर खळ असल्यामुळे किड्यांनाही तेथे खाद्य मिळते. शाईचे कडेचे कण सुटले होते. ती पुडी बदलावी लागली. डग्ग्याचे तांब्याचे भांडे अर्थातच जसेच्या तसे होते. हार्मोनियमच्या चार पट्ट्या फुगून अडकल्या, भात्याच्या घड्यांना वास आला आणि पितळी सुरांवर हिरवी झाक आली, त्यामुळे दोन सूर कणसूर झाले. सतारीचे पडदे बांधलेले दोरे सैल पडले होते, ते काम किरकोळ होते. दिलरुब्याचे कातडे वाचले. ते कसे वाचले हे मला समजलेले नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही मोठा तानपुरा गाडीच्या मागच्या आसनावर उश्यांत बसवून मिरजेला नेला. तेथील कारागिरांनी सांधा पूर्ण उघडून जुना सरस काढला आणि नव्याने जोडला. ते वयस्क गृहस्थ भोपळ्याच्या आत बोटे फिरवत एवढेच म्हणाले, ‘बाई, हा पत्र्याखाली होता ना?’ मला त्यांना काहीच सांगावे लागले नाही. जवारी, म्हणजे सुराला गुंजन देणारी घोडीवरची घासणी, पुन्हा काढावी लागली. आत्या सोबत होती. षड्ज लागला तेव्हा ती बराच वेळ डोळे मिटून बसली आणि मग म्हणाली की आवाज तोच आहे, फक्त थोडा नवखा झाला आहे.

भरपाईसंबंधी गोदामाची भूमिका करारात आधीच लिहिलेली आहे: चोरी, आग आणि पाणी शिरणे यांसाठी विमा आहे, ‘हवामानाच्या स्वाभाविक परिणामांसाठी’ नाही. हे कलम मी सही करण्यापूर्वी वाचले होते, म्हणून पैशांची मागणी मी केली नाही. परंतु लेखी विनंती करूनही वाद्ये तीन महिने वरच राहिली, हा हवामानाचा परिणाम नव्हे, आणि तसे मी मालकांना पत्राने कळवले. त्यांनी फोन करून क्षमा मागितली आणि दोन महिन्यांचे भाडे माफ केले. खरे तर मला भाड्यापेक्षा त्यांच्या दुसऱ्या वाक्याचे समाधान अधिक वाटले: वरच्या फळीवर यापुढे लाकूड आणि वाद्ये ठेवायची नाहीत, अशी सूचना त्यांनी भिंतीवर लावली आहे. सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा ती मी पाहिली.

कुणाला तरीही अशा गोदामात वाद्य ठेवण्याची वेळ आलीच, तर थंडी सुरू होण्यापासून उन्हाळा कडक होण्यापूर्वीपर्यंतचे तीन-चार महिनेच ठेवावे, तेही खालच्या भागात आणि पेटीत. सिलिका जेलच्या पुड्या घट्ट बंद होणाऱ्या पेटीतच उपयोगी पडतात; जाळीच्या कप्प्यात मोकळ्या टांगलेल्या पुड्या दोन दिवसांत भरून जातात आणि नंतर त्यांचा उपयोग राहत नाही. डांबरगोळ्या वाद्याच्या पेटीत टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकचे भाग मऊ पडतात आणि वास वर्षानुवर्षे जात नाही; कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवलेला बरा. आणि वाद्य परत आणल्यावर पेटी लगेच उघडू नये. ती घरात एक दिवस तशीच ठेवावी, म्हणजे आतील लाकूड नव्या हवेला सावकाश सरावते. ही शेवटची गोष्ट मला मिरजेत कळली, आणि हार्मोनियमच्या बाबतीत ती पाळल्यावर अडकलेल्या चार पट्ट्यांपैकी तीन कारागिराकडे न जाता सुटल्या.

आता सातही वाद्ये पंचवटीतील मावसबहिणीच्या घरी, दगडी भिंतींच्या आतल्या खोलीत आहेत. माझा तोच मापक तेथे ठेवला आहे; पावसाळ्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांत त्याने ६१ ते ६८ टक्के एवढाच फरक दाखवला. वाद्यांना साधारणपणे ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, म्हणजे ही खोलीही थोडी दमटच आहे, पण ती स्थिर आहे. फर्निचर अंबडलाच ठेवले आहे, कारण त्याच्यासाठी याच भाड्यात याहून चांगली जागा मला नाशकात मिळालेली नाही. वाड्याचे काम लांबल्यामुळे करार पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत वाढवला, आणि सही करण्यापूर्वी यादीतील वाद्यांच्या सात ओळी काढून त्या जागी ‘प्लॅस्टिक गुंडाळू नये’ ही एक ओळ लिहून घेतली.